जुन्या चक्रकरवतीचा जीर्णोद्धार

'बहरीन' या अरबी नावाचा अर्थ 'दोन समुद्र' असा आहे. नाव काव्यमय खरे; परंतु ज्याच्या घरी लोखंडाची हत्यारे आहेत, त्याला या नावाची दुसरी बाजूही लवकरच कळते. चहूकडे खारे पाणी, ऑगस्ट-सप्टेंबरातील अंगाला चिकटणारी दमट हवा आणि वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ, या तिहींच्या सान्निध्यात उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस छटा चढते. अशा बेटावर सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वीचे, गंजलेले आणि मोडीत निघालेले एक सुतारी यंत्र घरच्या घरी पुन्हा चालते करता येईल काय, आणि येत असेल तर त्यासाठी एवढा खटाटोप करावा काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मी जन्माने आणि शिक्षणाने मॉरिशसचा. उसाच्या मळ्यांवर कराराने आलेल्या मराठी कुळांपैकीच माझे कूळ. गेली काही वर्षे बहरीनमध्ये मुलांना गणित व विज्ञान शिकविण्याचे काम करतो, आणि घराच्या मागच्या खोलीत फावल्या वेळी लाकूडकाम करतो. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यंत्राविषयी लिहावे हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्यापैकी किती घरांतील आजे-पणजे साखर कारखान्यांच्या सुतारशाळेत, लोहारशाळेत व बाष्पकांपाशी राबले, हे आठवून पाहावे, म्हणजे विषय परका वाटणार नाही.

प्रथम बहरीन आणि लाकूड यांचा संबंध थोडक्यात सांगतो. या बेटावर खजूर विपुल, पण त्याच्या खोडापासून चांगली फळी निघत नाही. म्हणून येथील लाकूड सर्वकाळ समुद्रावरून आले. मुहर्रक शहरातील जुन्या घरांच्या खोल्या अरुंद दिसतात, याचे कारण छतात आहे. छतासाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कांदळाचे वासे येत, आणि वाशाची लांबी सुमारे तीन मीटर, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. मोती काढणाऱ्यांची व व्यापाऱ्यांची गलबते बांधली जात ती मलबारच्या सागाची. मोत्यांच्या त्या व्यवसायाची साक्ष देणारी मुहर्रकची घरे व किनारा यांना २०१२ साली जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले. या सर्व कामातील लाकूड हातकरवतीने, बहुधा दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून, कापलेले आहे.

१९३२ साली बहरीनमध्ये खनिज तेल लागले; १९३६ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. तेल काढणारी बापको ही कंपनी अमेरिकी भांडवलाची होती. तिच्या नोकरवर्गासाठी अवाली नावाची वसाहत वाळवंटात उभी राहिली आणि अमेरिकी पद्धतीची यंत्रे, अवजारे व वीज बेटावर आली. मुंबई बंदरातून कामासाठी माणसेही आली. आपल्या पूर्वजांच्या गिरमिटाहून त्यांचे करार निराळे होते; तथापि त्याच बंदरातून, पुन्हा कागदावर सही करून, माणसे समुद्र ओलांडीत होती, हे साम्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता यंत्राकडे वळू. चक्रकरवत म्हणजे बीडाच्या जाड, सपाट मेजाच्या मधोमध असलेल्या फटीतून वर आलेले, वेगाने फिरणारे दातेरी पाते. कारागीर लाकूड हलवितो, करवत आपल्या जागी फिरत राहते. गोल पात्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. १७७७ साली साउथॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर याने घेतलेल्या पेटंटात तिचा उल्लेख आढळतो. त्यानंतर पोर्ट्स्मथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेल याने आखलेल्या आणि हेन्री मॉडस्ले याने घडविलेल्या यंत्रांवर जहाजांच्या कप्प्या तयार होऊ लागल्या. १८०८ च्या सुमारास वर्षाला १,३०,००० कप्प्या तेथे निघत, आणि ११० कसबी कामगारांचे काम १० सामान्य कामगार करीत, असे सांगतात. यंत्राने कसब हिरावले, अशी तक्रार तेव्हापासूनची आहे. परंतु यंत्र दुरुस्त करण्यासही कसब लागते, आणि तेवढे तरी आपण राखावे, असे मला वाटते.

माझ्याकडचे यंत्र अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी घडलेले 'युनिसॉ' जातीचे आहे. डेल्टा कंपनीने ही करवत १९३९ साली बाजारात आणली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिरपा काप घ्यावयाचा असता मेज जागचे हलत नाही. मेजाखालचे पातेच कलते होते. पात्याचा व्यास १० इंच. येथील भंगारबाजारात ते वजनावर विकले जात होते. मेजावर गंजाचे पापुद्रे, पेटीत वाळू आणि मोटरीच्या तारांचे आवरण भुगा झालेले.

अशा वेळी घासण्यास आरंभ करण्यापूर्वी परीक्षा करावी. बीड कठीण असते, पण ठिसूळही असते. एखादा भाग तडकला असेल तर तो विश्वासाने सांधणे अवघड. म्हणून प्रत्येक ओतीव भाग दोरीला टांगून लाकडी मोगरीने हलके ठोकावा. अखंड बीड घंटेसारखे वाजते. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. आपल्या बायका बाजारात माठ असाच वाजवून घेतात. पाते कलते करणारे कमानदार भाग, ज्यांना ट्रनियन म्हणतात, ते विशेष काळजीने तपासावेत. त्यानंतर सरळ पोलादी पट्टी मेजावर आडवी, उभी व कर्णरेषेत ठेवून खालून प्रकाश कोठे दिसतो ते पाहावे. माझ्या यंत्राचे सर्व भाग स्वच्छ वाजले आणि मेज सपाट निघाले. गंज हा वरवरचा रोग होता. अस्थी शाबूत होत्या. जीर्णोद्धार करावा असा निर्णय तेव्हा झाला.

यंत्र सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू, चकत्या, पाचरी निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. जुना रंग कोरडा कधीही घासू नये. त्या काळच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. ओला करून, तोंडावर मुखवटा बांधून तो खरवडावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. मोटरीवरील जुना कपॅसिटरही फोडू नये. १९७९ साली अमेरिकेत बंदी आलेले पीसीबी नावाचे विषारी तेल अशा जुन्या कपॅसिटरांत असू शकते.

गंज काढण्याची सर्वांत सौम्य रीत विजेची आहे, आणि शाळेतील रसायनशास्त्राचा धडा ज्यांना आठवतो त्यांना ती सहज समजेल. प्लास्टिकच्या पिंपात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकास जोडून पाण्यात सोडावा. धन टोकास साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा जोडावा. दोन्ही एकमेकांस चिकटू देऊ नयेत. काही तासांत गंज सुटून काळसर मऊ थर राहतो, तो ब्रशने निघतो आणि मूळ लोखंड झिजत नाही. दोन नियम मात्र काटेकोर पाळावेत. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप उघड्यावर असावे आणि जवळपास ठिणगी नसावी. धन टोकास स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून घातक द्रव्य तयार होते. बाहेर काढलेला भाग लगेच पुसून, वाळवून तेलाचा हात द्यावा. बहरीनच्या हवेत 'उद्या तेल लावू' म्हणणाऱ्यास उद्या पुन्हा गंजच दिसतो.

बेअरिंगांचे काम त्या मानाने सोपे निघाले. गोळ्यांच्या बेअरिंगांची मापे सर्व जगात प्रमाणित आहेत. उदाहरणार्थ, ६२०३ हा क्रमांक सांगितला की आतील छिद्र १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, हे मनामाच्या दुकानदारालाही ठाऊक आणि पुण्याच्याही. यंत्र ज्या देशात जन्मले तेथे न जाता त्याचे सांधे येथल्या बाजारात बदलता आले.

खरी अडचण पुढे आली. मोटरीवरील पितळी पाटीवर '२३० व्होल्ट, ६० आवर्तने' असे कोरलेले होते. घरातील वीज प्रत्यावर्ती असते, म्हणजे तिची दिशा सेकंदास ठरावीक वेळा उलटसुलट होते. अमेरिकेत ही आवर्तने सेकंदास ६०. भारतात, मॉरिशसमध्ये, इंग्लंडात आणि बहरीनमध्ये ५०. अवाली वसाहतीतील वीज मात्र अमेरिकी धर्तीची, ६० आवर्तनांची असे. किंग फहद पुलाच्या पलीकडे सौदी अरेबियातही ६० आवर्तनांची वीज आहे. सुमारे २५ किलोमीटरचा हा पूल १९८६ साली खुला झाला आणि मोटारी अर्ध्या तासात समुद्र ओलांडू लागल्या. पण वीज तशी ओलांडू शकत नाही. आखाती राष्ट्रांची वीजवाहिन्यांची जोडणी झाली तेव्हा सौदी जाळे इतरांशी थेट सांधता आले नाही. त्यासाठी अल-फाधिली येथे १८०० मेगावॅट क्षमतेचे परिवर्तन केंद्र उभारावे लागले. ते २००९ साली सुरू झाले. तेथे वीज प्रथम एकदिश होते आणि नंतर दुसऱ्या आवर्तनांत बदलून पुढे जाते. जपानमध्ये तर एकाच देशात दोन पद्धती आहेत. टोकियोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जनित्रे आणली, ओसाकाने अमेरिकी. म्हणून आजही पूर्व जपान ५० आवर्तनांवर आणि पश्चिम जपान ६० वर चालतो. आरंभीची निवड पिढ्यान्‌पिढ्या मागे लागते, ती अशी.

साठ आवर्तनांची मोटर पन्नासांवर लावली तर दोन गोष्टी घडतात. तिचा वेग पाच-षष्ठांश होतो. मिनिटास ३४५० फेरे घेणारी मोटर २८७५ च्या आसपास फिरते. हे सोसण्याजोगे आहे. दुसरी गोष्ट सोसण्याजोगी नाही. व्होल्ट तेवढेच राहून आवर्तने घटली की तिच्या लोहगर्भातील चुंबकत्व सहा-पंचमांश होऊ पाहते, लोखंड तेवढे पेलू शकत नाही, प्रवाह बेसुमार वाढतो आणि मोटर तापून जळते. वरवर पाहता ती काही काळ उत्तम चालते. म्हणूनच हा धोका फसवा आहे.

पर्याय तीन होते. नवी मोटर बसवावी. पण या यंत्राची मोटर खास पद्धतीने आत टांगलेली असल्याने निराळी कमान घडवावी लागली असती. दुसरा पर्याय आवर्तने बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा. तो त्रिकला मोटरीला उत्तम, माझ्या एककला मोटरीला गैरसोयीचा. तिसरा, मोटर नव्याने गुंडाळण्याचा. मनामाच्या गल्लीत मोटरी गुंडाळून देणारे एक केरळीय उस्ताद आहेत. त्यांनी पाटी वाचली, जुन्या तारेचे वेढे मोजले आणि वहीत एक गुणाकार केला. शंभर वेढे होते तेथे एकशेवीस घालावयाचे; म्हणजे चुंबकत्व पूर्वीइतकेच राहते. जागा तेवढीच, वेढे अधिक, म्हणून तार किंचित बारीक घ्यावयाची, आणि त्यामुळे शक्तीही पाच-षष्ठांश मिळणार, हे त्यांनी आधीच बजावले. कपॅसिटरही नव्या हिशेबाने निवडला. मी वर्गात जे सूत्र फळ्यावर लिहितो ते उस्तादांच्या वहीत तेलकट बोटांच्या ठशांमध्ये लिहिलेले पाहून मला आनंद वाटला. पुढील आठवड्यात इयत्ता दहावीच्या मुलांना मी तेच उदाहरण घातले.

लोखंड तेच, कवच तेच, पितळी पाटीही तीच. तांबे मात्र येथल्या विजेस अनुरूप असे नवे. यंत्र आता मूळच्यापेक्षा सावकाश चालते. पात्याच्या कडेचा वेग पूर्वी सेकंदास ५३ मीटर होता, तो आता ४४ आहे. सागाची फळी थोडी धीराने सरकवावी लागते, एवढेच. मोठी पुली बसवून वेग परत आणता आला असता. पण शक्ती कमी असता वेगाचा हट्ट धरणे योग्य नव्हते.

जुळणी करताना सर्वांत अधिक वेळ पाते आणि मेजावरील खाच समांतर करण्यात जातो. पात्याच्या एका दात्यावर खूण करून तो दाता पुढे व मागे आणावा आणि खाचेपासूनचे अंतर दोन्ही ठिकाणी मोजावे. फरक एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी येईपर्यंत मेजाचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळावेत. समांतर आधारपट्टीही, जिला फेन्स म्हणतात, तशीच बसवावी. हा केवळ सफाईचा प्रश्न नाही. पट्टी मागच्या बाजूस पात्याकडे झुकलेली असेल तर लाकूड मध्ये आवळले जाते आणि वर येणारे मागचे दाते ते उचलून कारागिराच्या अंगावर भिरकावतात. या उसळीने हातही पात्यावर ओढला जाऊ शकतो.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे अस्थानी होणार नाही. माझे आजोबा मॉरिशसमधील एका साखर कारखान्यात सुतार होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे चक्रकरवतीने नेली होती. त्या करवतीवर झाकण नव्हते, आणि झाकण मागण्याची रीतही नव्हती. करारी मजुरांच्या नोंदवहीत शरीरावरील खुणांचा रकाना असे. आजोबा त्या नोंदवहीच्या नंतरच्या काळातले. तथापि त्यांची खूण घरातील प्रत्येक नातवंडाने हातात हात घेऊन वाचली आहे. उरलेल्या तीन बोटांत पटाशी धरून त्यांनी आमच्या घराची दारे केली. त्या दारांचे कौतुक पुष्कळांनी केले. पण बोटे गेली नसती तर दारे काही कमी चांगली झाली नसती, हे मला फार उशिरा सुचले.

ही गोष्ट जुन्या काळापुरती आहे असे कोणी समजू नये. एकट्या अमेरिकेत चक्रकरवतीच्या पात्याने दरवर्षी तीस हजारांच्या आसपास माणसे जखमी होतात, असा तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. १९९९ साली स्टीफन गॅस या अमेरिकी गृहस्थाने एक युक्ती शोधली. पात्यास बोटाचा स्पर्श होताच सूक्ष्म विद्युत्‌संकेत बदलतो आणि सुमारे पाच सहस्रांश सेकंदात पाते थांबते. सॉस्टॉप या नावाने अशी यंत्रे विकली जातात. जुन्या यंत्रावर ती योजना बसत नाही. म्हणून जुने यंत्र जसेच्या तसे ठेवावे, मूळ रूपाला हात लावू नये, हा संग्रहालयाचा नियम आहे. ज्या यंत्रापाशी उद्या एखादा विद्यार्थी उभा राहणार, त्यास तो लागू करता येत नाही.

मी तीन भरी घातल्या. पात्यामागे उभी पातळ पोलादी पट्टी बसविली. ती कापलेली चीर मिटू देत नाही, त्यामुळे उसळीचे मुख्य कारण नाहीसे होते. पात्यावर पारदर्शक झाकण आले. साध्या खटक्याऐवजी चुंबकीय स्विच लावला, ज्यामुळे वीज गेली आणि परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होत नाही. नियमही ठरविले: सैल बाह्या, हातमोजे व अंगठ्या नकोत, अरुंद तुकडा हाताने नव्हे, काठीने ढकलावा, डोळ्यांवर चष्मा, कानांवर झाकणे, तोंडावर मुखवटा, आणि मन थकलेले असेल त्या दिवशी यंत्र बंद. जुन्या दारांचे सागवान कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधावेत.

राहिली देखभाल. मेजावर मेणाचा पातळ थर दर महिन्यास, दमट दिवसांत दर पंधरवड्यास द्यावा. यंत्र वापरात नसता कापडाने झाकावे, पण प्लास्टिकने नव्हे, कारण त्याखाली दव धरते. हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवण्याची जुन्या कारागिरांची रीत मी पाळतो. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, महाराष्ट्रात शस्त्रांची व हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी हत्यार घासूनपुसून, तेल देऊन मांडावे लागते. पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक अवजार हातात घेऊन तपासले जाते, हा या आचाराचा मला दिसणारा मोठा लाभ आहे.

यंत्रावर पहिले काम झाले ते येथील मराठी वर्गाच्या पुस्तकांच्या कपाटाचे. एका पाडलेल्या घराचे सागवान मिळाले होते. वरचा करडा थर निघताच आतून तोच तेलकट, सोनेरी रंग आणि तोच वास आला. फळ्या मोजून कापल्या, मुलांनी त्या कानशीने व कागदाने घासल्या. त्यांनी करवतीस हात लावला नाही. दूर उभे राहून पाहिले आणि झाकण कशासाठी आहे ते विचारले. ते कशासाठी आहे, हे मी त्यांना सांगितले.

आपणही दुसऱ्या किनाऱ्यावर घडलेले आणि निराळ्या आवर्तनांच्या विजेवर चालणारे लोक आहोत. आप्रवासी घाटावर १८३४ पासून सुमारे पाच लक्ष माणसे उतरली. त्यांच्या भाषेतील, गाण्यांतील, आचारांतील पुष्कळ काही नव्या भूमीच्या प्रवाहात जळून गेले. जे टिकले ते बहुधा कोणीतरी वेढे मोजून नव्याने गुंडाळल्यामुळे टिकले. त्याचा वेग मूळ गावच्यापेक्षा थोडा कमी असेल. आमचे मराठी कोकणातल्याइतके वाहते नाही, हे मान्य. म्हणून ते भंगारात घालण्याचे कारण नाही. अस्थी शाबूत आहेत की नाहीत ते वाजवून पाहावे, येथल्या विजेचा हिशेब करावा, आणि ज्या गोष्टींनी पूर्वी आपल्या माणसांची बोटे नेली त्यांवर न विसरता झाकण घालावे. आपल्या तरुण वाचकांच्या घरी आजोबांची एखादी करवत, रंधा किंवा पटाशी पडून असेल, तर येत्या खंडेनवमीपूर्वी ती बाहेर काढून तिचा गंज उतरवावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.